लांब पल्ल्याचं भिंग

धरणेंद्रला कॅमेरा घ्यायची बुद्धी झाली ती पद्मावतीच्या दीक्षेचं ठरल्यावर. त्याआधी निपाणीत त्याला तंबाखूखेरीज कशाचं वेड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तंबाखूचंही नव्हतं. वडलांनी धंद्याची घडी बसवून दिली होती, तिच्यावर तो आरामात बसला होता एवढंच. दिवाणजी वखार चालवायचे, हमाल बोद, म्हणजे तंबाखूची गच्च बांधलेली पोती, उचलायचे, आणि धरणेंद्र दुपारचं जेवण जिरवून, इस्त्रीचा कोट चढवून पेढीवर यायचा आणि विचारायचा, "काय, चाललंय न्हवं समदं?" ते चाललेलंच असायचं. मग तो तक्क्याला टेकायचा.

पद्मावती ही त्याची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा प्लेगात गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती. आता तिनं पस्तिशी गाठली होती. घरचा स्वयंपाक, आल्यागेल्याचं पाहणं, कंबर मोडून अंथरुणाला खिळलेल्या आईचं न्हाणंधुणं, सगळं तिच्या हातून व्हायचं. तोंड मात्र तिखट. भावाच्या बायकोला, शालनला, तिचा धाक वाटे. पण नवऱ्याला कुणीतरी खरं बोलणारं घरात आहे, याचं त्या बाईला मनातून बरंही वाटत असे.

दीक्षेचं ठरलं तेही त्या तिखट तोंडामुळंच. एका सणाला धरणेंद्रनं पंगतीत चार पाहुण्यांदेखत आमटी बाजूला सारली आणि म्हणाला, "आक्काचा हात आता बिघडला." चुलीपुढं घामानं भिजलेली पद्मावती पळी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "ह्या घरात राबण्यापरीस बस्तीत जाऊन बसलेलं बरं. दीक्षाच घेते मी!"

हे बोलणं रागाचं होतं. घरात असलं बोलणं दर महिन्याला व्हायचं. पण त्या दिवशी पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं हात जोडले आणि म्हणाला, "धन्य हाय तुमचं घराणं!" धरणेंद्रनं तो 'धन्य' असा झेलला की आठवड्याच्या आत निपाणीपासून चिकोडीपर्यंत सगळ्या समाजात बातमी झाली. पद्मावतीला शब्द मागं घेता आला असता. पण मागं घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. शिवाय रोज दुपारी बस्तीत, म्हणजे गावच्या जैन मंदिरात, साध्वी माताजींचं शास्त्रवाचन ऐकताना तिला खरोखर बरं वाटायचं. होईना का दीक्षा, असं तिनं मनाशी म्हटलं.

धरणेंद्रनं आधी मिरवणुकीच्या हत्तीची चौकशी केली, मग मांडवाची, मग बँडची. बहिणीला काही विचारावं, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. कोल्हापूरला त्यानं एक दीक्षा पाहिली होती. तिथं फोटोग्राफर टेबलावर उभा राहून काळ्या फडक्यात शिरला, तेव्हा सगळी सभा दीक्षा देणाऱ्या मुनिमहाराजांकडं पाठ फिरवून त्याच्याकडं तोंड करून बसली होती. इतकी माणसं एका माणसाकडं टक लावून बसलेली धरणेंद्रनं जन्मात पाहिली नव्हती. तो माणूस आपण व्हायचं, हे त्यानं तिथंच ठरवलं.

बहिणीसाठी पांढरं लुगडं घ्यायचं निमित्त होतं. ते निपाणीतही मिळालं असतं. पण 'बेळगावास्नं आणलं' असं सांगायला बरं पडतं. म्हणून दोघं सर्व्हिस मोटारीनं बेळगावला आली. लुगड्याचं काम चटकन उरकलं आणि धरणेंद्र तिला घेऊन कॅम्पात मारुतीरावांच्या दुकानात शिरला.

हे मारुतीराव म्हणजे मधात बुडवून काढलेला माणूस. गोऱ्या लोकांचे फोटो काढून काढून त्यांना कमरेत वाकायची अशी सवय लागली होती की सरळ उभे राहिले तरी वाकल्यासारखेच दिसत. विलायतेला परत गेलेल्या कुणा कप्तानाचा कॅमेरा त्यांच्याकडं विकायला होता. तिपाई, काळं फडकं, काचेच्या प्लेटा, आणि पुढं बसवायची दोन भिंगं. एक आखूड, वाटीएवढं. दुसरं मुसळाच्या तोंडासारखं लांब आणि जड.

"दोन्ही द्या," धरणेंद्र म्हणाला.

"तेवढंच तर जमत न्हाय, सावकार." मारुतीराव कळवळले. "खानापूरच्या रेंजरसाहेबांना एक भिंग द्यायचा शब्द गेलाय. कुठलंबी चालंल म्हणालेत. निवड तुमची, उरलेलं त्यांचं."

मग त्यांनी कॅमेरा दुकानाच्या दारात मांडला. रस्त्यापलीकडं बेळगुंदीकडची एक बाई रताळ्यांची पाटी पुढ्यात घेऊन बसली होती. आधी आखूड भिंग लावलं. धरणेंद्र फडक्याखाली वाकला आणि लगेच बाहेर आला.

"ह्यात काय? रस्ता दिसतोय, झाडं दिसत्यात, टांगा दिसतोय. समदंच दिसतंय. आणि ते बी उलटं."

"उलटं दोन्हींत दिसतंय, सावकार, फोटोत सुलटं येतं. पर तुम्ही बरोबर बोललात. समदंच दिसतंय, हाच ह्याचा दोष. आता हे बघा." त्यांनी लांब भिंग बसवलं.

धरणेंद्र पुन्हा वाकला, आणि या खेपेला बराच वेळ बाहेर आला नाही. फडक्याच्या आतून त्याचं खिदळणं ऐकू येत होतं. "आरं तिच्या! नाकातली चमकी दिसतीया! जांभई देतीया बघा, दाढा दिसत्यात! आणि तिला पत्ताच न्हाय!" तो लाल झालेल्या तोंडानं बाहेर आला. "आक्का, तू बघ."

पद्मावती वाकली. काळोखात, काचेवर, एका बाईचं उलटं तोंड मावणार नाही एवढं मोठं तरंगत होतं. ती बाई मान खाजवत होती, मग पदरानं डोळ्याची कड पुसत होती. आपल्याला कुणी पाहत नाही अशा समजुतीनं माणूस जसा बसतो तशी बसली होती. पद्मावतीला एकदम लाज वाटली. न विचारता कुणाच्या न्हाणीघरात डोकावल्यासारखं वाटलं. ती बाहेर आली आणि डोक्यावरचा पदर नीट करत तिनं विचारलं,

"हे घरात चालंल का?"

"घरात?" मारुतीरावांनी तो शब्द असा उच्चारला की घर ही काहीतरी ओशाळवाणी गोष्ट असावी. "घरात काढायला तर कुणीबी काढतंय, बाई. रेंजरसाहेबांना पोराबाळांचे काढायचे हाईत, त्यांना ते आखूड जाईल. सावकारांचं काम मोठं. हजारोंची सभा, महाराज, हत्ती. तिथं लांब पल्ल्याचंच पायजे. लांब उभं ऱ्हावा, सगळ्यांच्या वर उभं ऱ्हावा, आणि जे पायजे तेवढंच उचला."

"जवळ जायची गरजच न्हाय," धरणेंद्र म्हणाला. त्याला जणू देव पावला होता.

पद्मावतीनं मनात म्हटलं, तुला ती कधी होती? आईची कंबर मोडल्यापासून हा रोज सकाळी उंबऱ्याबाहेर उभा राहून "आव्वा, बरं हाय न्हवं?" विचारतो आणि उत्तर यायच्या आत चपला घालतो. जंगलात हिंडणारा रेंजर पोरांसाठी आखूड भिंग नेणार, आणि तक्क्यावर लोळणारा माझा भाऊ लांब पल्ल्याचं. ज्याची मती भिंगाच्या लांबीवर भाळली, त्याच्याशी काय बोलायचं?

घरी आल्यावर कॅमेऱ्याची मिरवणूकच निघाली. जो येईल त्याला धरणेंद्र भिंग हातात देऊन वजन बघायला लावायचा. "हे बेळगाव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं न्हाय," असं मारुतीरावांनी त्याला सांगितलं होतं आणि तो ते शास्त्रवचनासारखं सगळ्यांना सांगत होता.

आईनं हे सगळं आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकलं. दुपारी पद्मावती तिची पाठ पुसत असताना म्हातारी म्हणाली, "पद्मा, त्या यंत्रानं आपल्या दोघींचा एक फोटो काढून घे गं. तुझं केस हाईत तवर. दीक्षेत समदं उपटून काढत्यात."

"कशाला आव्वा? दीक्षा घ्यायची म्हंजे ही असली माया सोडायची."

"ती तू सोड. मी कुठं दीक्षा घेतलीया?"

पद्मावतीनं ओलं फडकं पिळून वाळत टाकलं. तिनं भावाला सांगितलं.

धरणेंद्र उत्साहानं तिपाई घेऊन आईच्या खोलीत आला आणि तिथंच घोटाळा झाला. त्या लांब भिंगाला जवळचं काही दिसेना. काचेवर नुसतं धुकं. तो दारात गेला, धुकं. सोप्यात गेला, धुकं. अंगण ओलांडून गोठ्याच्या भिंतीला पाठ लावली तेव्हा कुठं काहीतरी उमटलं, आणि ते काय, तर आईचा एक कान आणि पद्मावतीचं कोपर. त्यातही खोलीत उजेड नाही.

"आक्का, आव्वाकडं सरक! तसं न्हाय, आता आव्वाच गेली!" तो गोठ्यातून ओरडत होता. मागं म्हैस त्याच्या कोटाची वास घेऊन चौकशी करत होती. "आसं करा, आव्वाला भायेर उन्हात आणा."

पद्मावतीनं आणि शालननं गादीची चार टोकं धरून उचलायचा प्रयत्न केला. म्हातारी अशी कळवळली की शालननं घाबरून हातच सोडला.

"ऱ्हाऊ दे. न्हाय उचलायची," पद्मावती म्हणाली. "धरणू, मारुतीरावाकडनं ते आखूड भिंग घटकाभर मागून आण."

"ते रेंजरनं नेलं. आणि मी काय आता भीक मागत फिरू?" धरणेंद्र तिपाई मिटत म्हणाला. "भिंग दीक्षेसाठी आणलंय. आव्वाचा फोटो घेण्यासारखं आता ऱ्हायलंय तरी काय?"

हे तो अंगणातून बोलला, पण त्याचा आवाज नेहमी लांबपर्यंत पोचायचा. म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं आणि शांतपणे म्हणाली, "जाऊ दे त्येला. त्येची काच खराब हुईल."

शालन तोंडाला पदर लावून बाहेर गेली. पद्मावतीनं आईची गादी नीट केली आणि पांघरूण घातलं.

पुढच्या आठवड्यात वखारीसमोर मांडव उभा राहिला. धरणेंद्रला रंगीत तालीम हवी होती. तो स्वतः कॅमेरा घेऊन वखारीच्या माडीवर चढला. पद्मावतीला भर दुपारी मांडवाखाली चौरंगावर बसवलं. महाराज अजून यायचे होते, म्हणून त्यांच्या जागी तंबाखूचा एक बोद ठेवला. ते पाहून पद्मावतीचं डोकं फिरलं, पण ती दात आवळून बसली. माडीवरचा निरोप खाली पोचवायचं काम भरमू हमालाकडं होतं. तो बिचारा जिना चढउतर करून धापा टाकत होता.

"मालक म्हणत्यात, मान वर करा."

तिनं केली.

"मालक म्हणत्यात, केस मोकळं सोडा."

तिनं सोडले. वखारीतले हमाल काम टाकून बघायला लागले.

"मालक म्हणत्यात, तोंड महाराजांकडं नको. वखारीकडं करा."

"दीक्षा महाराज देणार का वखार?" पद्मावतीनं विचारलं. भरमू खाली मान घालून पुन्हा जिना चढला. परत आला तो जास्तच ओशाळलेला.

"मालक म्हणत्यात, महाराज मधी येत्यात. त्यास्नी त्या दिशी वाईच डावीकडं बसवू." त्यानं बोद सरकवला. "आन म्हणत्यात, डोळ्यांत पाणी आणा."

"त्याला म्हणावं, खाली येऊन आण."

भरमू गेला आणि आला. त्यानं दोनदा घसा खाकरला. "आक्कासाब, माझ्यावर राग धरू नगासा. मालक म्हणत्यात, दोनचार केस खरंच उपटून बघा. तोंड कसं हुतंय, त्ये बघायचंय."

पद्मावतीनं माडीकडं पाहिलं. काळ्या फडक्यामागून वर आलेलं भावाचं बूड आणि पुढं रोखलेलं ते काळं मुसळ, एवढंच तिला दिसलं. केस उपटायची तिला भीती नव्हती. तो विचार तिनं कधीच पचवला होता. पण आपण जन्माचं सगळं ओवाळून टाकायला निघालो आणि ते कुणासाठी, तर ह्या बुडासाठी! तिनं केसांची गाठ बांधली, चौरंगावरून उतरली आणि तडक बस्तीची वाट धरली. मागून भावाच्या हाका येत होत्या. त्याही लांबूनच.

बस्तीत माताजी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मूळच्या कानडी मुलखातल्या, वयानं पिकलेल्या. मराठी थोडं अडखळत बोलायच्या. पद्मावती पाया पडून थोडी दूर बसली. तिच्या तोंडाकडं पाहून माताजींनी विचारलं, "दीक्षा का घेतीस, बाळ?"

"माणसांचा वीट आलाय, माताजी."

"कुठल्या माणसांचा?"

एवढंच विचारायची खोटी, पद्मावती सुरू झाली. आमटी, पाहुणे, हत्ती, मारुतीराव, रताळेवाली, आईचा कान, तंबाखूचा बोद, सगळं. किती वेळ बोलली तिचं तिलाच कळलं नाही. बोलताना मधे एकदा तिनं भावाची नक्कलही केली. माताजी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या,

"आलीस तवापासनं तू भावाचंच बोलायलीस. देवाचं एक अक्षर न्हाय."

पद्मावतीनं तोंडावरचा घाम पदरानं पुसला.

"तू हिथं आलीस तर त्येला संगं घेऊनच येशील. आमच्याकडं जागा कमी हाय." माताजींच्या सुरकुत्यांत हसू उमटलं. "ह्यो राग हाय. राग वाईट न्हाय, पर त्यावर दीक्षा देता येत न्हाय. आधी घर सोडायचं असंल तर घर सोड. घर सोडायला दीक्षा कशाला लागती?"

पद्मावतीला आधी अपमान वाटला. एवढी वर्षं राबून, एवढं सोसून आपण दारात आलो, आणि इथंही 'नको' म्हणतात! पण परतताना बाजारातून चालता चालता तिला जाणवलं की छातीवरचं ओझं हललं आहे. खोटं काय होतं त्यात? आमटीवरून निघालेला तो शब्द तिनं नुसत्या ऐटीपायी धरून ठेवला होता. भावाला ऐट भिंगाची, तिला शब्दाची.

घरी धरणेंद्र सोप्यात येरझाऱ्या घालत होता. शालन दाराआड उभी होती.

"उठून गेलीस? हमालांम्होरं माझी शोभा केलीस!"

"दीक्षा घेत न्हाय मी," पद्मावती म्हणाली.

"काय?"

"माताजींनी न्हाय म्हटलं. आणि मीबी म्हंते, न्हाय."

धरणेंद्रला खालीच बसायची वेळ आली. "आगं, हत्ती सांगितलाय!"

"मग तू बस हत्तीवर."

"समाजाला काय सांगू?"

"आमटी बिघडली म्हणून सांग."

"आणि भिंग?" त्याचा आवाज आता रडवेला झाला होता. "एवढं लांब पल्ल्याचं भिंग मी कशासाठी आणलं?"

"वाघाचा फोटो काढ. तोंड इकडं कर, तिकडं कर म्हणालास तर वाघ उठून जाणार न्हाय. तुझ्याकडंच यील."

दाराआड शालन खुदकन हसली. त्या घरात ती नवऱ्यादेखत हसायची ही पहिलीच खेप होती.

धरणेंद्र भिंग परत द्यायला बेळगावला जाऊन आला. मारुतीरावांनी डोळ्यांत पाणी आणलं, चहा पाजला, आणि भिंग काही घेतलं नाही. उलट, असल्या भिंगाला खरी शोभा जंगलातच, असं पटवून त्याला खानापूरच्या रानात पाठवलं. तो कोट घालून मचाणावर बसला. तिथून जो एकच धड फोटो आला तो बांबूच्या बेटाचा होता, आणि तोही हललेला. धरणेंद्रनं तो चौकट करून पेढीवर लावला. वाघ बेटाच्या मागं आहे, असं तो सांगत असे. तंबाखू घ्यायला आलेली माणसं डोळे बारीक करून बघायची आणि भाव पाडून घ्यायच्या आधी, "व्हय की, दिसतोय!" म्हणायची. एका दलालानं तर शेपूटही दाखवलं.

आई त्याच हिवाळ्यात गेली. फोटो तिचा निघाला नाही तो नाहीच. पद्मावतीनं तेरावं उरकलं, किल्ल्यांचा जुडगा शालनच्या हातात दिला आणि म्हणाली, "आमटीत मीठ तुझ्या मनानं घाल. त्यो काय बोलंल त्याकडं बघू नको." शालन रडली. पद्मावती रडली नाही. तिनं ट्रंक उचलली आणि पुन्हा सर्व्हिस मोटार धरली.

बेळगावात समाजानं मुलींसाठी एक वसतिगृह काढलं होतं. तिथं स्वयंपाकघर सांभाळायला बाई हवी होती. पद्मावती तिथं राहिली. सकाळी भाकऱ्या, दुपारी मुलींबरोबर पाटी घेऊन तीही बसायची. कानडी ती बोलायची, आता लिहायलाही शिकली. तोंड काही गोड झालं नाही. मुली तिला वचकून असायच्या आणि आजारी पडल्या की तिच्याच खोलीत येऊन झोपायच्या.

एका रविवारी कमिटीचे लोक वसतिगृह बघायला आले. पागोटी, छत्र्या, घड्याळांच्या साखळ्या. एकानं अनाथ-अबलांवरचं भाषण कागदावर लिहून आणलं होतं आणि ते मुलींना रांगेत उभं करून ऐकवायचं होतं. त्या वेळी मुलींची पानं वाढलेली होती. पद्मावती दारात आली.

"पोरी जेवायला बसल्यात," ती म्हणाली.

"बाई, आम्ही कमिटीचे आहोत. अध्यक्षसाहेबांना परतायची घाई आहे."

"भाकरीला बी घाई असती. गार झाली की खाववत न्हाय. झाडाखाली सावली हाय, बसा."

तिनं दार लोटून घेतलं. आत एक धाकटी पोर घाबरून ताटावरून उठायला लागली होती. पद्मावतीनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि तिच्या भाकरीवर तूप वाढलं.